जुना गावरान विनोदी चित्रपट अंगणात दाखवायचाय? पहिल्या खेळाची तयारी अशी करा

जुने गावरान विनोदी चित्रपट एकट्याने मोबाइलवर बघितले की हमखास फसतात. दहाव्या मिनिटाला वाटायला लागतं की सगळे ओरडून बोलतायत, प्रसंग लांबलाय आणि पात्रं एक वाक्य टाकून उगीच थांबतायत. खरं तर त्या थांबण्यातच निम्मी गंमत आहे. ती जागा हशासाठी सोडलेली असते. थेटरात किंवा जत्रेतल्या तंबूत पाचशे माणसं हसत असताना पुढचं वाक्य बुडू नये, म्हणून नट क्षणभर दम धरतो. समोर हसणारं कुणी नसेल तर ती जागा रिकामी पडते आणि सगळं संथ वाटतं.

म्हणून या चित्रपटांकडे नव्याने वळणाऱ्यांनी आधी माणसं गोळा करावीत. पन्नास पुरेत. पहिल्याच वेळी दीडशेच्या वर जाऊ नका. नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्याचा चौक, सिडकोतल्या सोसायटीचं पार्किंग, निफाड-दिंडोरीकडच्या गावातला देवळासमोरचा पार, यातलं काहीही चालेल. पुढची सगळी मापं अशाच जागेसाठी दिली आहेत.

तारीख आणि वेळ

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 नंतर लावता येत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. त्यामुळे घड्याळ शेवटाकडून मागे मोजायचं. बहुतेक जुने चित्रपट दोन ते अडीच तासांचे असतात. त्यात मध्यंतराची दहा मिनिटं धरा.

नोव्हेंबरच्या मध्यात नाशिकमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि पावणेसातला पडद्यावर चित्र नीट दिसायला लागतं. म्हणजे अडीच तासांचा चित्रपटही साडेनऊपर्यंत आटोपतो. एप्रिलच्या शेवटी सूर्यास्तच सातच्या आसपास, काळोख पावणेआठला. तेव्हा दोन तासांच्या वरचा चित्रपट घेऊच नका, नाहीतर शेवटचा गोंधळ, जिथे सगळी पात्रं एका अंगणात गोळा होतात, तोच आवाज बंद करून बघावा लागेल.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो. अशा थंडीत सतरंजीवर अडीच तास कुणी बसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, त्यामुळे शेजारी आवाज चालू देणार नाहीत आणि देऊही नये. हे सगळं धरलं तर दिवाळीनंतरचा महिना आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा एवढाच काळ खरा सोयीचा.

पोलीस ठाण्याची लाउडस्पीकरची परवानगी आठवडाभर आधी लेखी मागा. दुसरी परवानगी चित्रपटाच्या हक्कदाराची. तिकीट नसलं तरी चारचौघांत दाखवणं हे जाहीर प्रदर्शनच असतं. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1971 चा चित्रपट 2031 संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे. घरी बघायला घेतलेल्या डिस्कमध्ये ही परवानगी येत नाही.

हा विनोद येतो कुठून

पडदा बांधण्याआधी हे समजून घ्या, कारण चित्रपट कोणता निवडायचा आणि आवाज कसा लावायचा हे यावरूनच ठरतं.

या चित्रपटांचं मूळ तमाशात आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग असा तमाशाचा क्रम. गवळणीत मावशी आणि पेंद्या, बतावणीत सवालजवाब करणारी दोघं, आणि वगात, म्हणजे शेवटच्या नाट्यात, राजालासुद्धा उलट बोलायची मुभा असलेला सोंगाड्या. चित्रपटांनी ही माणसं उचलली आणि गावात नेऊन बसवली. राजाच्या जागी पाटील किंवा सरपंच आला, प्रधानाच्या जागी तलाठी, आणि सोंगाड्याच्या जागी भोळा गडी. त्याच्या मागे बहुतेक वेळा एक खमकी आई असते. गड्याला काही कळत नाही असं गाव समजतं, पण प्रत्येक प्रसंगात उघडं पडतं ते गावाचंच.

विनोदाचं यंत्र मात्र बतावणीचं. शब्दाचा एक अर्थ एकाच्या डोक्यात, दुसरा दुसऱ्याच्या. पाटील आणि गडी यांच्यातला, उदाहरणादाखल रचलेला हा तुकडा मोठ्याने वाचून बघा:

"काय रं, शाळंत किती शिकलास?"
"दोनदा गेलतो."
"दोनदा?"
"एकदा नाव घालाया, एकदा नाव काढाया."
"म्हंजे बापाचं नाव काढलंस म्हण की!"
"बापाचं न्हाई, माजंच काढलं." (थांबा) "मास्तरनं."

इथे हशा तीनदा येतो. पहिला "नाव काढाया"वर, दुसरा पाटलाच्या खुशीवर, कारण त्याने उलटा अर्थ घेतलाय, आणि तिसरा, सगळ्यात मोठा, "मास्तरनं" या एका शब्दावर. त्याआधीचा थांबा आणि तो एक शब्द ऐकू आला नाही तर सगळी मेहनत पाण्यात. आणि हा तुकडा दुसऱ्या भाषेतल्या सबटायटलात बसतच नाही, कारण "नाव काढणं" एकाच वेळी कीर्तीही आहे आणि हजेरीपटावरची फुलीही. म्हणून मराठी न कळणारे पाहुणे असतील तर त्यांच्या शेजारी सांगणारं माणूस बसवा.

दुसरी गोष्ट बोलीची. मराठी चित्रपटाची मोठी केंद्रं कोल्हापूर आणि पुणे. त्यामुळे पडद्यावरचं गाव बोलतं ते बहुतेक दक्षिण महाराष्ट्राच्या वळणाने. आपल्याकडे बागलाण, कळवण, मालेगावकडे अहिराणी. शहरातल्या पोरांना दोन्हींचा सराव नसतो. खेळाआधी पाच मिनिटं मुलांना दहा-बारा शब्द सांगून टाका: चावडी, पार, मोट, औत, बंडी, मुंडासं, चंची, लुगडं, बलुतं, इपरीत, येळ, गेलतो. शक्य असेल तर वस्तूच हातात द्या. घरातल्या एखाद्या आजोबांची पानाची चंची उघडून दाखवली की तिच्यातल्या कप्प्यांवरून होणारा विनोद लगेच कळतो.

चित्रपट निवडताना

पहिल्या खेळाला 'सोंगाड्या' (1971) घ्यावा, असं ठाम मत आहे. दादा कोंडके यांची निर्मिती, गोविंद कुलकर्णी यांचं दिग्दर्शन, वसंत सबनीस यांचं लेखन. भोळा नाम्या तमाशा बघायला जातो, रंगमंचावरच चढतो, आणि आई त्याला घराबाहेर काढते. म्हणजे वर सांगितलेलं मूळ प्रेक्षकांना गोष्टीतच बघायला मिळतं, वेगळं समजावावं लागत नाही. नंतरच्या खेळाला 'पांडू हवालदार' (1975) ठेवा. गोष्ट शहरातली असली तरी वर्दीतला माणूस त्याच मातीचा, आणि दादांसोबत अशोक सराफ आहेत. दोघांच्या थांबण्यातला फरक लक्ष देऊन बघा. तिसऱ्याला 'बिनकामाचा नवरा' (1984) चांगला, कारण तिथे चित्रपटाचा तोल रंजना सांभाळतात. या प्रकारात बाईला फक्त नाचायला ठेवतात असं म्हणणाऱ्यांनी तो आधी बघावा.

निवडलेला चित्रपट त्या आठवड्यात पूर्ण बघा, पळवत नाही. द्वयर्थी संवाद आणि गाणी या प्रकारात असतातच. मुलांना त्यातलं बहुतेक कळत नाही आणि मोठ्यांची हसून पुरेवाट होते, त्यामुळे तेवढ्यावर अडू नका. अडायचं ते दुसऱ्या गोष्टींवर: बायकोला मारण्यावरचा विनोद, जातीवरून टोमणे, तोतरं किंवा अपंग माणसाला हसणं. काही चित्रपटांत हे बरंच आहे. असे प्रसंग कापून दाखवू नका, गोष्ट तुटते. तो चित्रपट बाजूला ठेवून दुसरा घ्या. सुरुवातीला दिसणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्रही नीट वाचा.

लोक वेळेवर येत नाहीत, म्हणून मुख्य खेळाआधी दहा मिनिटांचं काहीतरी लागतं. ही रीत थेट नाशिकशी जोडलेली आहे. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये आपला कारखाना मुंबईहून नाशिकला आणला, आणि जानेवारी 1914 मध्ये 'मोहिनी भस्मासुर'सोबत 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपट जोडीला दाखवला. तुमच्याकडे गल्लीतल्या दोन पोरांनी माइकवर बतावणी केली तरी चालेल. उलट तेच उत्तम, कारण हसणारे कान तयार होतात.

प्रत तपासणं

जुन्या प्रती जशा मिळतात तशा चालवू नका. व्हीसीडीवरचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं असतं. दहा फुटी पडद्यावर त्याचे चौकोन दिसतात, म्हणून तशी प्रत असेल तर चित्र सहा फुटांवर आणा. डीव्हीडी (720 बाय 576) दहा फुटांना निभावते. नेटवरून थेट चालवणं टाळा. ऐन विनोदाच्या थांब्यात जाहिरात घुसली की मैफल मोडते.

व्हीएलसी या व्हिडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपवर फाइल लावा आणि पुढच्या चार गोष्टी बघा.

चौकट: हे चित्रपट बहुतेक 4:3 च्या जवळच्या चौकटीत काढलेले आहेत. टीव्हीसाठी ताणलेल्या प्रतीत सगळे बुटके आणि जाड दिसतात, आणि दादांच्या ढगळ चड्डीची लोंबणारी नाडी, जिच्या हलण्यावर लोक हसतात, ती आखूड होते. ए कळ दाबत जाऊन 4:3 आणा. बाजूला काळे पट्टे राहिले तर राहू द्या. काही प्रतींत डोकी वरून कापून रुंद चौकट केलेली असते, त्याला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा.

रेघा: माणूस पळताना कडेला जाळीसारख्या रेघा दिसल्या तर डी कळ दाबा.

तोंड आणि आवाज: पुढेमागे असतील तर जे आणि के कळांनी जुळवा. पहिली दहा मिनिटं जुळलं म्हणून निश्चिंत राहू नका, मध्यंतरानंतरही बघा.

तुटलेल्या जागा: हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. रिळांची सुरुवात आणि शेवट सगळ्यात जास्त हाताळला जातो, फाटतो, कापून जोडला जातो. म्हणून साधारण दर दहा किंवा वीस मिनिटांनी एखादं वाक्य अर्धवट राहतं. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका उमटला की रीळ संपत आलं समजा. अशा जागा कागदावर टिपून ठेवा. विनोदाचं शेवटचं वाक्यच गेलं असेल तर आधी लोकांना ते सांगून ठेवता येतं.

पडदा आणि प्रोजेक्टर

पांढऱ्या रंगाची मॅट भिंत असेल तर दुसरं काही नको. ऑइलपेंटची भिंत नको, मधोमध चकाकी येते. भिंत नसेल तर 108 इंची पन्ह्याचं जाड पांढरं सुती कापड साडेतीन मीटर घ्या. पन्हा उभा धरला की मध्ये शिवण येत नाही. अरुंद पन्ह्याचे दोन तुकडे जोडले तर शिवण नेमकी नटाच्या कपाळावरून जाते. वर आणि खाली चार-चार इंचांची नेफ्यासारखी पट्टी शिवून तिच्यातून 13 फुटी बांबू घाला. खालचा बांबू विसरू नका. तो नसेल तर वाऱ्याने कापड फुगतं आणि सरपंचाचं पोट आत-बाहेर होतं. उभे बांबू 15 फुटी, दोन फूट जमिनीत. फरशी असेल तर वाळूने भरलेल्या वीस लिटरच्या डब्यांत रोवून चारही बाजूंनी दोरीचे ताण द्या. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, म्हणजे सतरंजीवरच्यांची डोकी आड येत नाहीत. कापडामागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो आणि मागच्या रस्त्यावरचा दिवा चित्रात चमकतो.

कापडावर चित्र 10 फूट रुंद, साडेसात फूट उंच. एवढ्याला खरे 3000 ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. स्वस्त छोट्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर मोठे आकडे असतात, पण ते ठरलेल्या पद्धतीने मोजलेले नसतात. भाड्याने घेताना एएनएसआय ल्युमेन, म्हणजे त्या ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आकडा, विचारा आणि काळोखात लावून बघा.

अंतर मोजताना नवखे इथे हमखास चुकतात. आजचा प्रोजेक्टर 16:9 चा असतो. साडेसात फूट उंचीचं चित्र हवं तर त्याची पूर्ण चौकट 13 फूट 4 इंच रुंद पडते, आणि आपलं 4:3 चित्र तिच्या मधल्या दहा फुटांत बसतं. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पूर्ण चौकटीची रुंदी) 1.5 असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून 20 फुटांवर हवा. दहा फुटांना दीडने गुणून 15 फुटांवर टेबल मांडलं की चित्र साडेसातऐवजी साडेपाच फूट उंचीचं येतं, आणि मग लोक बसल्यावर टेबल मागे सरकवायची धावपळ होते. प्रोजेक्टर पाच फूट उंचीवर ठेवा आणि पडद्यापासून टेबलापर्यंत मधोमध दोन हातांची वाट मोकळी सोडा. पहिली सतरंजी पडद्यापासून 15 फुटांवर.

वीज: सगळं मिळून एक किलोवॅटच्या आसपास. वायरची गुंडाळी पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. प्रोजेक्टरला छोटा यूपीएस जोडा. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा जातो.

आवाज

चित्र थोडं फिकं असलं तरी लोक सांभाळून घेतात. संवाद कळला नाही तर दहा मिनिटांत उठतात. जुन्या चित्रपटाचा आवाज एकाच मार्गाचा, खरखरीचा आणि मधल्या पट्टीतला असतो. त्याला आजची लग्नाची साउंड सिस्टीम जशीच्या तशी लावली की गडगडाट होतो आणि शब्द बुडतात.

बारा इंची दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, तोंड सहा फूट उंचीवर, आतल्या बाजूला वळवलेलं. बेसचे वेगळे डबे जोडूच नका. मिक्सरवर 120 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, 2 ते 4 किलोहर्ट्झच्या भागात तीन डेसिबल वाढवा, खरखर फारच असेल तर 8 किलोहर्ट्झच्या वरचं थोडं कमी करा. इको पूर्ण शून्य. साउंडवाला सवयीने तो चालू ठेवतो, स्वतः बघून घ्या. काही प्रतींत आवाज डाव्या बाजूलाच असतो, म्हणून मिक्सरवर मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येईल. ब्लूटूथ वापरू नका, आवाज तोंडामागून येतो. वायरने जोडा. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर भुणभुण आली तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

पार्किंगसारख्या चारही बाजूंनी काँक्रीट असलेल्या जागेत आवाज मागच्या भिंतीवरून परततो. मागच्या भिंतीवर दोन-तीन जाड सतरंज्या किंवा गोधड्या टांगा आणि स्पीकर किंचित खाली झुकवा.

चाचणी गाण्यावर करू नका, संवादावर करा. सगळ्यात मागच्या सतरंजीवर एक वयस्कर माणूस बसवा. प्रतीतला एखादा झपाट्याचा सवालजवाब लावा आणि त्यांना शेवटचा शब्द विचारा. वरच्या उदाहरणातला "मास्तरनं"सारखा, वाक्य संपल्यावर हळूच पडणारा शब्द त्यांना कळला तर आवाज बरोबर. नसेल कळला तर आवाज वाढवण्याआधी बेस आणखी कमी करा, बहुतेक तिथेच सुटतं.

खेळाच्या संध्याकाळी

लोकांना जवळजवळ बसवा. रिकामी जागा दिसली की माणसं पांगून बसतात आणि हशा पसरत नाही. सतरंज्या आधी थोड्या कमी अंथरा, पुढून भरत आणा, मग मागे वाढवा. वयस्करांच्या खुर्च्या मागे नको, दोन कडांना ठेवा. हसण्याची सुरुवात बहुतेक तेच करतात, आणि ते मुलांच्या नजरेच्या टप्प्यात हवेत.

चिवडा कागदी द्रोणात द्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुरचुर नेमकी संवादावर येते. चहा फक्त मध्यंतरात.

एक माणूस पूर्ण वेळ मिक्सरजवळ हवा. जोराचा हशा आला की आवाज किंचित वर, ओसरला की परत जागेवर. गाणी संवादापेक्षा मोठी येतात, तेव्हा खाली. पहिल्या वीस मिनिटांत कुणी हसलं नाही तरी चित्रपट बदलू नका. पात्रांची ओळख होईपर्यंत एवढा वेळ लागतो, आणि आई-लेकाचं पहिलं भांडण आलं की बहुतेक वेळा बांध फुटतो.

शेवटची पाटी पडली की प्रोजेक्टर लगेच मेनमधून काढू नका. बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत पाच मिनिटं राहू द्या. पडद्याचं कापड दव पडायच्या आत उतरवा, खालच्या बांबूवर गुंडाळा. घडी घातली तर पुढच्या खेळाला घडीच्या रेघा चित्रात दिसतात.